काम केले तर पगार बुडतो का?



आज आपण पगाराविषयी बोलू. हा नोकरीचा पगार नव्हे. आपल्या वऱ्हाडात निराधार योजनेचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. त्यांनाही लोक पगारच म्हणतात. ज्याचा पाय गेला, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, अशा पुष्कळ गरिबांना हा पगार मिळतो. पूर्वी अशा माणसांना अपंग म्हणत. आता सरकारी कागदावर दिव्यांग असे लिहितात. नाव बदलले. माणसाची अडचण मात्र तीच आहे.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत एक प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. कधी वर्गात, कधी पारावर, कधी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर. माणूस जवळ येतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, मी थोडंसं काम केलं तं माहा पगार बंद होईन का?"

प्रश्न लहान दिसतो. पण या प्रश्नाने कितीतरी माणसे घरात बसवून ठेवली आहेत. हातात कसब असते. कोणाला बाज विणता येते. कोणाला शिलाई येते. कोणी पानठेल्यावर बसू शकतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्यांचा हंगाम आला, की बसल्या जागी लहान-मोठी संत्री निवडता येतात. पण भीती वाटते. चार पैसे कमावले आणि पगार गेला, तर काय करायचे?

दुसरा एक प्रकार आहे. तो अधिक वाईट. माणूस काम करतो, पण चोरून करतो. ज्याच्याकडे काम करतो त्याला हे ठाऊक असते. मग तो शंभराच्या जागी पन्नास देतो. वर म्हणतो, "जास्त बोलशील तं तहसिलात सांगीन." बिचारा गप्प बसतो. म्हणजे पहा, भीतीपायी एकाची मजुरी बुडाली आणि दुसऱ्याची अर्धी गेली. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

आधी योजना काय आहे ते पाहू.

तिचे पूर्ण नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना. महाराष्ट्र सरकारने ती १९८० साली सुरू केली. २०१९ पर्यंत महिन्याला ६०० रुपये मिळत. त्या वर्षी १००० झाले. जुलै २०२३ पासून १५०० झाले. पुढे जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी आपल्याच जिल्ह्यात, गुरुकुंज मोझरीला, उपोषण केले. त्यांच्या मागण्यांपैकी एक मागणी अशी होती की, दिव्यांगांना महिन्याला ६००० रुपये मिळावेत. तेवढे मिळाले नाहीत. पण ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी १५०० चे २५०० झाले. महिन्याला २५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. गरिबाच्या घरात ही रक्कम लहान नाही.

हा पगार मिळण्यासाठी दोन मोठे दाखले लागतात. येथेच लोकांचा घोटाळा होतो. म्हणून हे दोन दाखले वेगवेगळे ध्यानात ठेवा.

पहिला दाखला डॉक्टरांचा. शरीरात किती टक्के अपंगत्व आहे, ते त्यावर लिहिलेले असते. निदान ४० टक्के तरी असावे लागते. डॉक्टर पाय पाहतात, डोळा पाहतात, कान तपासतात. तुम्ही घरी बाज विणता की नाही, यावर टक्के ठरत नाहीत. ज्याला दिसत नाही, त्याने बाज विणली म्हणून त्याला दिसू लागत नाही. हे उघड आहे. म्हणून काम केले की अपंगत्वाचा दाखला रद्द होतो, ही समजूत चुकीची आहे. काही दाखल्यांवर मात्र मुदत लिहिलेली असते. मुदत संपली की पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या दाखल्यावर मुदत आहे का, ते आज घरी गेल्यावर वाचून पहा.

दुसरा दाखला उत्पन्नाचा. तो तहसीलदार देतात. यात हात-पाय पाहत नाहीत, रुपये पाहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पगार वाढला, तेव्हा दिव्यांगांसाठी नियम असा होता की, कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० रुपयांची होती.

आता त्या भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येईल. काम केले म्हणून पगार बुडत नाही. कुटुंबाची कमाई मर्यादेबाहेर गेली, तर बुडतो. नियम तुमचे काम मोजत नाही. नियम घरातले रुपये मोजतो.

काम करणे हा काही गुन्हा नव्हे. उलट, आपल्या वऱ्हाडाला ही शिकवण जुनी आहे.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले. हातात खराटा घेऊन ते गावात शिरत. आधी गाव झाडत, मग भाकर घेत. आंधळ्या-पांगळ्यांना, रोग्यांना जेवू घालणे हे त्यांचे व्रत होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावपाशी त्यांनी देह ठेवला. बाबांनी दुबळ्यांना अन्नही दिले आणि श्रमाचा मानही शिकवला. एका हाताने मदत घ्यावी आणि दुसऱ्या हाताने जमेल तेवढे काम करावे, यात त्यांना विरोध दिसला नाही.

अमरावतीचे तपोवन तुम्हांला माहीत आहे. डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी ते १९४६ साली उभारले. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. त्या काळी कुष्ठरोग्याला गावात थारा नव्हता. घरचे लोकसुद्धा त्याला बाहेर काढत. तो रस्त्याच्या कडेला भीक मागे. दाजीसाहेबांनी अशांना जवळ केले. त्यांना औषध दिले आणि कामही दिले. ज्याचा जो अवयव चालेल, त्याला त्याप्रमाणे काम. कोणी शेतात राबला, कोणी मागावर बसला, कोणी सुतारकाम केले. बोटे झडलेली माणसेसुद्धा उपयोगी वस्तू करू लागली. १९५९ साली सरकारने दाजीसाहेबांना पद्मश्री दिली.

परतवाड्याजवळ वझ्झर गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना वाढवले. त्या मुलांच्या हातून टेकाडावर झाडे लावून घेतली, जगवून घेतली. २०२४ साली शंकरबाबांनाही पद्मश्री मिळाली.

ही उदाहरणे आम्ही कशासाठी सांगितली? काम हे केवळ पैशासाठी नसते, हे समजावे म्हणून. दिवसभर खाटेवर पडून राहणाऱ्या माणसाला घरातले लोकही विचारीनासे होतात. तोच माणूस दोन तास काही करू लागला, की त्याचा शब्द घरात चालतो. चहा पिताना त्याला बोलावतात. हा मान अडीच हजारांत विकत मिळत नाही.

पण नुसत्या मानावर पोट भरत नाही. म्हणून आता हिशेब करू. पाट्या घ्या. आमच्याबरोबर आकडे मांडा.

समजा, दर्यापूरकडच्या एका गावात एक भाऊ आहे. त्याला दिसत नाही. तो बाजा विणतो. त्याची बायको मजुरीला जाते. कापूस वेचते, सोयाबीन सोंगते. तिला वर्षात १०० दिवस काम मिळते. रोज ३०० रुपये. म्हणजे वर्षाचे ३०,००० झाले. भाऊला बाजांचे वर्षाला ८००० मिळतात. दोघांचे मिळून ३८,००० झाले. हे ५०,००० च्या आत आहे. म्हणून पगार चालू राहतो. पगाराचे ३०,००० धरले, तर वर्षात घरात ६८,००० रुपये येतात.

आता भाऊचे नाव झाले. चार गावांचे लोक बाजा आणू लागले. वर्षाला ८००० च्या जागी २५,००० मिळू लागले. बायकोचे ३०,००० आणि त्याचे २५,०००. मिळून ५५,००० झाले. मर्यादेच्या ५००० वर गेले. पगार बंद झाला. आता घरात किती आले? फक्त ५५,०००.

पाटीवर पहा. भाऊने १७,००० रुपये जास्त कमावले आणि घर १३,००० रुपयांनी गरीब झाले!

यात भाऊचा दोष आहे काय? नाही. तो आळशी नाही, लबाडही नाही. दोष नियमाच्या रचनेत आहे. जिना असतो, तसा हा नियम नाही. तो विहिरीच्या काठासारखा आहे. काठापर्यंत जमीन सपाट. एक पाऊल पुढे टाकले की खाली.

आणखी एक आकडा सांगतो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातले एकच माणूस त्या दराने १६० दिवस राबले, तर ४९,९२० रुपये होतात. म्हणजे मर्यादा तेथेच भरली. मग दिव्यांग माणसाने एक रुपयाही कमवायचा नाही काय? पगार वाढला, पण मर्यादेची रेघ जागची हलली नाही. खरे लिहिणाऱ्याला भीती आणि खोटे लिहिणाऱ्याची चैन, असा प्रकार यातून होतो.

इतर देशांत काय करतात, तेही पाहू. ब्रिटनमध्ये आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे मिळणारा एक भत्ता आहे. तो घेणाऱ्याला आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी आणि ठरलेल्या कमाईच्या आत काम करू देतात. मात्र त्याने खात्याला कळवावे लागते. लपवून चालत नाही. अमेरिकेत गरीब दिव्यांगांसाठी एक योजना आहे. तिच्यात महिन्याची सुरुवातीची थोडी कमाई धरतच नाहीत. त्यापुढे दोन डॉलर कमावले, तर मदतीतून एक डॉलर कमी करतात. म्हणजे काम करणारा नेहमी थोडा तरी पुढे राहतो.

आपल्या भाऊला असा नियम लावून पहा. तो मर्यादेच्या ५००० वर गेला. निम्मे, म्हणजे २५०० कापले. पगाराचे २७,५०० उरले. कमाई ५५,०००. मिळून ८२,५००. घर वर आले आणि सरकारचेही २५०० वाचले. असा नियम आपल्याकडे का होऊ नये? हे मागण्यासारखे आहे. मागितलेच पाहिजे.

पण नियम बदलेपर्यंत काय करावे? आम्ही पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. वही ठेवा. बाज विणली, तारीख लिहा. किती पैसे मिळाले, ते लिहा. सुतळीला किती लागले, ते वेगळे लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसाची मजुरीही लिहा. कारण नियम एकट्याचे उत्पन्न पाहत नाही, कुटुंबाचे पाहतो. दर महिन्याला बेरीज करा. ५०,००० ला १२ ने भागले, तर महिन्याला सुमारे ४१६६ येतात. हंगामात जास्त मिळेल, उन्हाळ्यात कमी मिळेल. वर्षाचा आकडा महत्त्वाचा. ज्याच्याजवळ वही आहे, त्याला कोणी भिववू शकत नाही. "सांगीन तहसिलात," असे कोणी म्हणाले, तर सांगा, "सांग ना बाप्पा. हे पाहा, मीच लिहून ठेवलं आहे."

दुसरी गोष्ट. खोटा दाखला काढू नका. गावात एखादा मध्यस्थ भेटतो. म्हणतो, "तुम्ही फक्त अंगठा द्या, बाकी मी पाहतो." अशाला अंगठा देऊ नका. उत्पन्नाच्या अर्जात माहिती खरी असल्याचे लिहून द्यावे लागते. त्याखाली सही तुमची असते. मध्यस्थाची नसते. उद्या चौकशी झाली, तर तो दिसायचाही नाही. तुम्ही आता अक्षरे शिकलात. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. भरलेला कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही. एवढे जरी या वर्गातून घेऊन गेलात, तरी पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट. विचारायला लाजू नका. तहसील कचेरीत संजय गांधी योजनेचा विभाग असतो. तेथे जाऊन विचारा, "दिव्यांगाची मर्यादा आज किती आहे? कोणाकोणाची कमाई धरतात?" नियम बदलत असतात. पारावरच्या गप्पांवर विसंबू नका. गावातले तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांनाही विचारता येते. पगार अचानक थांबला, तर रडत बसू नका. आधी पासबुक पहा. पैसे आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खाते जोडलेले नसेल, तर पैसे अडकतात. लोकांना वाटते, काम केले म्हणून थांबले. कारण मात्र दुसरेच असते. ते कळत नसेल, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००५ सालापासून माहितीचा अधिकार कायदा आहे. माझा पगार कोणत्या कारणाने थांबला, हे त्या कायद्याने लेखी विचारता येते.

आमच्या बहिणींसाठी येथेच एक सूचना. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील, तर २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे घेता येत नाहीत. दोन्हीकडे अर्ज करून पुढे पैसे परत मागितले गेले, तर त्रास तुम्हांलाच होईल.

चौथी गोष्ट. उडी मारायची, तर पूर्ण मारा. ५०,००० च्या काठावर घुटमळणारा मार खातो. पण एखाद्याला पिठाची गिरणी टाकायची आहे, शिलाईच्या दोन मशिनी घ्यायच्या आहेत. त्यात वर्षाला लाखभर मिळण्याचा भरवसा आहे. मग पगार गेला, तरी तो माणूस वर येतो. अशा धंद्यासाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळ कर्ज देते. ग्रामपंचायतीनेही आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून विचारा, ते पैसे कोठे खर्च झाले? धंदा बसला, उत्पन्न पुन्हा खाली आले, तर योजनेसाठी नव्याने अर्ज करता येतो. मात्र अर्ज मंजूर होईपर्यंत वेळ जातो. तोवरची शिधा-सामग्री हाताशी ठेवूनच उडी मारावी.

पाचवी गोष्ट. एकटे राहू नका. गावातले दिव्यांग, त्यांचे आई-बाप, त्यांच्या बायका यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. आपापल्या वह्या समोर ठेवाव्यात. काम केल्यामुळे कोणाचे घर गरीब झाले, ते आकड्यांनिशी कागदावर लिहावे. तो कागद तहसीलदारांना द्यावा, आमदारांना द्यावा. नुसते "पगार वाढवा" म्हणू नका. "मर्यादेची रेघही वर न्या. रेघ ओलांडली तर सारे काढून घेऊ नका, थोडे थोडे कमी करा," असेही लिहा. आकडे घेऊन आलेल्या माणसाला वाटेला लावणे सोपे नसते.

कोणी म्हणेल, "सरकारची मदतही पाहिजे आणि कामही पाहिजे, हा हावरटपणा नव्हे काय?" त्याला आपण आपली राज्यघटना दाखवू. ती २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. ती तयार करणाऱ्या घटना समितीत आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुखही होते. त्या घटनेत ४१ वे कलम आहे. काम मिळणे, शिक्षण मिळणे, आणि म्हातारपणात, आजारात, अपंगपणात सरकारची मदत मिळणे, या साऱ्यांची सोय सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी, असे तेथे सांगितले आहे. या कलमावरून कोर्टात दावा लावता येत नाही. पण राज्य कोणत्या वाटेने चालवावे, ते त्यात लिहून ठेवले आहे.

पहा, तिन्ही गोष्टी एकाच कलमात आहेत. काम, शिक्षण आणि मदत. एक घेतली म्हणून दुसरी सोडावी, असे घटना म्हणत नाही.

यातली शिक्षणाची गोष्ट तुम्ही हाती घेतली आहे. रात्री दमून येता, तरी या कंदिलापाशी, या दिव्यापाशी बसता. आता तिच्या जोरावर दुसऱ्या दोन मिळवायच्या आहेत. तर पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक कोरी वही आणावी. पहिल्या पानावर आपले नाव लिहावे. दुसऱ्या पानावर आपल्या दाखल्यावरचे टक्के आणि दाखल्याची मुदत लिहावी. तिसऱ्या पानापासून कमाई लिहायला लागू. ज्याला लिहायला जड जाईल, त्याने शेजारच्याला सांगावे. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी घरातल्या शाळकरी पोराने लिहावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे.

थोडे काम करा. उजळ माथ्याने करा. मजुरी पूर्ण घ्या. हिशेब खरा ठेवा. आणि कोणी हळू आवाजात विचारले, "पगार बंद होईन का?" तर त्याला जवळ बसवा आणि वही उघडून दाखवा.